वाचकांचे प्रश्न : शीतगृहाचा इशारा एसएमएसने पाठवायला मॉडेम कोणता?

प्रश्न : आमच्या द्राक्षांच्या शीतगृहाचं तापमान संगणकावर नोंदलं जातं. ते चढलं की सहा-सात जणांना एसएमएस जायला हवा, नेट बंद असलं तरी. दुकानदार ४जी डोंगल घ्या म्हणतो. चालेल का? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर : आधी दुकानदाराला विचारा, डोंगल लावल्यावर संगणकात कॉम पोर्ट (प्रोग्राम ज्यातून मॉडेमशी बोलतो ते दार) दिसतो का? बरीचशी डोंगल नेटवर्क कार्ड बनतात आणि ब्राउझरमध्ये स्वतःचं पान उघडतात. त्यातून हाताने एसएमएस जातो, पण प्रोग्रामला एटी कमांड (मॉडेमला द्यायचे लेखी हुकूम) देता येत नाहीत. तुम्हाला एटी कमांड घेणारा मॉडेमच हवा. नेटचा वेग इथे बिनकामाचा.

सिम८०० हा मॉडेम स्वस्त मिळतो, पण तो फक्त २जी. नवी खरेदी करताय तर ४जी आणि २जी दोन्ही असलेला घ्या : क्वेक्टेल ईसी२५ किंवा सिम७६००. दोन्हींची ‘ई’ आवृत्ती मागा, ‘ए’ अमेरिकेतल्या बँडसाठी (मोबाइल लहरींच्या पट्ट्यांसाठी) असते. सिम एअरटेल किंवा व्हीआयचं घाला. जिओकडे २जी नाहीच, आणि मॉडेममध्ये आयएमएस (४जीवरून एसएमएस नेणारी सोय) सुरू नसेल तर नेट चालतं, एसएमएस मात्र अडकतो. रिचार्जमध्ये एसएमएस आहेत ना, तेही बघा. सिमचा पिन (सिम उघडायचा आकडी कोड) काढून टाका.

तपासणी अशी करा. पुट्टी या प्रोग्राममध्ये कॉम पोर्ट ११५२०० वेगाने उघडा आणि ‘एटी’ टाइप करा (कमांड रोमन अक्षरांतच), ‘ओके’ यायला हवं. ‘एटी+सीएसक्यू’ला पहिला आकडा १० च्या खाली आला तर सिग्नल कमजोर, ९९ आला तर सिग्नल किती ते मॉडेमला कळतच नाही. शीतगृहाच्या पफ पॅनेलला (फोम भरलेल्या भिंतींना) पत्रा असतो, तो सिग्नल अडवतो, त्यामुळे अँटेना वायरने बाहेर काढाच. मग ‘एटी+सीएमजीएफ=१’ (निरोप साध्या मजकुरात) आणि ‘एटी+सीएमजीएस=’ (निरोप पाठवायचा हुकूम) पुढे अवतरणचिन्हांत नंबर. मजकूर लिहून कंट्रोल-झेड दाबा. एंटर दाबलं तर नुसती नवी ओळ येते, निरोप जात नाही.

पाठवतानाच मॉडेम बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर दोष बहुधा विजेचा. २जीवर क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट लागतो, साधा यूएसबी पोर्ट तो देत नाही. वेगळा अडॅप्टर लावा. संगणक आणि मॉडेम दोन्ही यूपीएसवर हवेत, कारण तापमान चढतं ते बहुतेक वेळा लाइट गेल्यावरच.

मराठी निरोपाला ७० अक्षरांची मर्यादा, रोमनला १६०. काना-मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. ‘उत्पादक’ची ७ होतात. निरोप आखूड ठेवा. रोज सकाळी एक चाचणी निरोपही लावा; तो आला नाही की काहीतरी बिघडलंय हे त्याच दिवशी कळेल.

प्रश्न : याच मॉडेमने बागायतदारांना भाव कळवता येतील का?

उत्तर : नको. व्यवसायाचे निरोप साध्या दहा अंकी नंबरवरून पाठवणं ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांत बसत नाही. तक्रार झाली की नंबर बंद होऊ शकतो आणि त्याच सिमवर तुमचा इशारा अवलंबून आहे. भावासाठी डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदणी करून हेडर (पाठवणाऱ्याचं नोंदलेलं नाव) घ्या आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्या.