२१३ इंच ५ सूत

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचा नकाशा पोचला, व्हाइटटेलच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या, मोठ्या शिंगांच्या नरांचा. जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलाय आणि दोन दिवस आम्ही नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. मिसिसिपीच्या दोन्ही काठांना तू लाल रंग भरलायस, आमच्या विस्कॉन्सिनातली बफलो कौंटी (म्हणजे जिल्हा) तर पार काळपट होईपर्यंत. खाली इलिनॉय, पलीकडे आयोवा, उजवीकडे ओहायो, टेक्सासच्या टोकाला एक ठिपका, वर कॅनडातलं सस्कॅचवान. देखणं काम आहे.

फक्त खालची ओळ खोड. तू लिहिलंयस, ‘व्हाइटटेलचे सर्वांत मोठे नर इथे सापडतात.’ त्याऐवजी लिही, ‘सर्वांत मोठ्या नरांची नोंद इथून झाली.’ तुझ्या गाइडला हे शब्दांचे खेळ वाटतील. मला वाटत नाहीत, आणि का वाटत नाहीत हे सांगायला हे पत्र.

तू दोन प्रश्न विचारलेस : मोठे नर कुठे असतात, आणि त्यांचे विक्रम कोण, कसे ठेवतं? मी उत्तर उलट्या क्रमाने देणार आहे. फूटपट्टी माहीत नसताना लांबीवर बोलू नये, हे पिंपरीच्या टूलरूममध्ये बारा वर्षं ऐकत आलो.

गणपतीत तू विचारलं होतंस, ‘काका, तुम्ही शिकार करता?’ नाही. आजवर एक ससाही मारलेला नाही. या प्रकरणात पडलो तो रागाने. कारखान्यातला एक सहकारी हरणाची शिंगं घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत शिंप्याच्या कापडी टेपने मोजू लागला. प्रत्येक वेळी वेगळा आकडा. क्वालिटीतल्या माणसाला ते बघवेना. चौकशी केली, तर शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबचे अधिकृत मोजणारे असतात आणि त्यासाठी रीतसर प्रशिक्षण असतं असं कळलं. ते केलं. मोजणीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. आमच्या हिला तो अजून पटलेला नाही.

इथली मोजणी इंचाच्या आठव्या भागापर्यंत चालते. अमेरिकन माणसं ‘फाइव्ह-एट्थ्स’ म्हणताना जरा अडखळतात. मी मनात सुतात मोजतो. आपल्या सुताराचं, फिटरचं सूत म्हणजे बरोबर इंचाचा आठवा भाग. तेव्हा जगातला विक्रमी ‘टिपिकल’, म्हणजे नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांचा, व्हाइटटेल माझ्या हिशेबात २१३ इंच ५ सूत. नोव्हेंबर १९९३ मध्ये सस्कॅचवानमधल्या बिगर गावाजवळ मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने तो मारला. (गावाच्या पाटीवर ‘न्यूयॉर्क इज बिग, बट धिस इज बिगर’ असं लिहिलंय. मराठी कानाला ‘बिगर’ म्हणजे ‘शिवाय’ किंवा ‘विना’, त्यामुळे मला तो विनोद दोनदा समजला.)

हे २१३ इंच म्हणजे कशाची लांबी? कशाचीच नाही, ती बेरीज आहे. दोन मुख्य दांड्यांची लांबी, त्यांच्यावर उगवलेल्या प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक दांड्याचे ठरलेल्या चार जागी घेतलेले घेर, आणि दोन दांड्यांमधलं आतलं जास्तीत जास्त अंतर. फाटा निदान एक इंच लांब असला पाहिजे, आणि लांबी रुंदीपेक्षा जास्त हवी, नाहीतर तो गाठ समजायचा. मग येते वजाबाकी. डावा-उजवा जिथे जुळत नाही तिथला फरक वजा. टिपिकल वर्गात भलत्या जागी उगवलेले फाटेही वजा. नॉन-टिपिकल वर्गात तेच फाटे अधिक. म्हणजे एकाच शिंगजोडीचा आकडा वर्ग बदलला की बदलतो. वजाबाकीच्या आधीचा आकडा ‘ग्रॉस’, नंतरचा ‘नेट’. इथले शिकारी चिडून म्हणतात, नेट मासे धरायला असतं. पुस्तकातला क्रम मात्र नेटवरच लागतो.

तुझ्या तक्त्यात बारा-पंधरा आकडे मला ग्रॉस वाटतात. स्थानिक वर्तमानपत्रांतून घेतलेस ना? वर्तमानपत्रं नेहमी मोठा आकडा छापतात. तेवढे वेगळे काढ.

दुसरी भेसळ क्लबांची आहे. बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या यादीत जायला टिपिकल १७० आणि नॉन-टिपिकल १९५ लागतात. त्यांच्या तीन वर्षांच्या पुरस्कार-यादीसाठी १६० आणि १८५ पुरतात. पोप अँड यंग क्लब १९६१ मधला, फक्त धनुष्यबाणाच्या शिकारीचा. त्याची दारं १२५ आणि १५५ ला उघडतात. मोजायची पद्धत एकच, उंबरे वेगळे. दोन्ही याद्या एकाच रंगात रंगवल्यास, तर जिथे धनुर्धारी जास्त ती कौंटी उगाच लाल होते. बफलोचा काळपटपणा थोडासा यातूनही आला असावा. थोडासाच. बफलो खरोखरच बफलो आहे, त्याकडे येतो.

तिसरी गोष्ट वाळण्याची. शिंगं साफ केल्यावर ६० दिवस साध्या हवेत ठेवायची आणि मगच अधिकृत मोजायची. ती आकसतात. मोजणारा झालो त्या पहिल्याच वर्षी एक शेतकरी ओली शिंगं घेऊन आला. डोळ्यांत जीव आणून बघत होता. मी मोजली आणि मोठेपणाने सांगून टाकलं, १७१ भरतील. त्याने त्याच रात्री गावजेवण दिलं. साठ दिवसांनी पुन्हा मोजली, तर १६९ इंच ६ सूत. चूक सर्वस्वी माझी. तो माणूस मला एक शब्द वाकडा बोलला नाही. शिंगं उचलली आणि गेला. पुढे रस्त्यात भेटला की हात हलवायचा, पण थांबायचा नाही.

आता विक्रमांच्या या वहीचा जन्म, कारण तुझ्या प्रबंधात तो एका ओळीत उरकलाय. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये क्लब काढला. रानं ओस पडत होती, बायसन संपत आले होते. पुढे विल्यम हॉर्नडेंनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात शिंगांचा आणि मस्तकांचा राष्ट्रीय संग्रह उभा केला, तो जगातल्या नामशेष होत चाललेल्या मोठ्या जनावरांची आठवण म्हणून. १९३२ मध्ये नोंदींचं पहिलं पुस्तक निघालं, १९५० मध्ये आजची मोजणीची पद्धत ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी सगळ्या अमेरिकेत पाचेक लाख व्हाइटटेल उरले असतील. आज तीन कोटींच्या घरात आहेत. आयोवात तर ते जवळजवळ संपले होते, १९५३ मध्ये कुठे पुन्हा शिकारीचा हंगाम उघडला. मृत्युलेख लिहायला म्हणून उघडलेल्या वहीला आता दर हंगामात नवी पानं लावावी लागतात.

आणि वहीतलं गावाचं नाव कधी कधी चुकतं. हॅन्सनच्या आधीचा विक्रम जेम्स जॉर्डनचा. १९१४ मध्ये उत्तर विस्कॉन्सिनात डॅनबरीजवळ त्याने नर मारला आणि मस्तक भुसा भरून घ्यायला एका कारागिराकडे दिलं. कारागीर मिनेसोटात निघून गेला, मस्तकही त्याच्याबरोबर. पन्नास वर्षांनी, १९६४ मध्ये, मिनेसोटातल्या सँडस्टोन गावच्या जुन्या बाजारात ते तीन डॉलरला विकलं गेलं. घेणारा निघाला जॉर्डनच्याच नात्यातला, पण हे त्यालाही माहीत नव्हतं. मोजलं तर २०६ इंच १ सूत, जगात पहिलं! पुस्तकात नोंद झाली : सँडस्टोन, मिनेसोटा, शिकारी अज्ञात. जॉर्डनने बघताक्षणी ओळखलं, पण क्लबला पटायला १९७८ उजाडलं आणि तोवर म्हातारा गेलेला होता. म्हणजे बघ, जगातला सर्वांत मोठा ठिपका कित्येक वर्षं शेजारच्या राज्यात बसला होता. जुन्या नोंदी घेताना ‘सापडलं कुठे’ आणि ‘मारलं कुठे’ हे दोन रकाने वेगळे ठेव.

आता तुझा पहिला प्रश्न. शिंगाला तीन गोष्टी लागतात : वय, खाणं, वंश. बहुतेक लोक वंशावर बोलतात, कारण त्यात दुसऱ्या कोणाला काही करावं लागत नाही. मी वयावर बोलतो. नराला दरवर्षी नवी शिंगं येतात. एप्रिलच्या सुमाराला मखमली कातडीखाली वाढू लागतात, ऑगस्टअखेर कडक होतात, हिवाळ्यात गळून पडतात. चार-पाच महिन्यांत एवढं हाड उभं करायला तो स्वतःच्या बरगड्यांतलं कॅल्शियम उसनं काढतो. लहान वयात जे खातो ते अंग भरण्यात जातं. पाच ते सात वर्षांचा झाला की शिंगं भरात येतात. त्यामुळे मोठा नर कुठे असतो याचं पहिलं उत्तर, जिथे त्याला पाच वर्षं कोणी मारत नाही तिथे.

बफलो कौंटी बघ. हिमनद्यांनी न घासलेला प्रदेश, म्हणून उभे कडे आणि अरुंद घळी. माथ्यावर आणि खोऱ्यात मका-सोयाबीन, मधल्या उतारावर ओकची झाडं आणि खाली ओकची फळं. खाणं दोन्हीकडे, लपायला मधे. जमीन बहुतेक खासगी, आणि गेली कित्येक वर्षं तिथले बरेच मालक लहान नर सोडून देतात. आयोवातही काळी माती आणि मका आहेच, पण मला विचारशील तर तिथला खरा खुराक म्हणजे कायदा. नोव्हेंबरात नर माजावर येतात, सावधपणा विसरतात, तेव्हा तिथे मुख्यतः धनुष्यबाण चालतो. बंदुकीचा मोठा हंगाम डिसेंबरात. बाहेरच्यांना परवाने मोजके, सोडतीने. इलिनॉय, ओहायो, इंडियाना, केंटकी ही थोड्याफार फरकाने त्याच भाकरीची चतकोरं. दक्षिण टेक्सास मात्र वेगळा : पाऊस कमी, मका नाही, काटेरी झुडपं. पण हजारो एकरांची रानं आणि मोजकी माणसं, म्हणून नर म्हातारा होऊ शकतो. (तिथल्या कुंपणात कोंडलेल्या हरणांना क्लब नोंदत नाही. १९३२ पासून टेक्सासात आपली चितळंही आहेत. ती उत्तर अमेरिकेची नव्हेत म्हणून या वहीबाहेर.)

माझ्या म्हणण्याचा पुरावा हवा असेल तर नॉन-टिपिकलची वरची दोन नावं काढ. पहिला मिसूरीचा, ३३३ इंच ७ सूत, १९८१. सापडला सेंट लुईस कौंटीत, म्हणजे शहराला लागून. दुसरा ओहायोचा, ३२८ इंच २ सूत, १९४० मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्याजवळ रेल्वेच्या कडेला. दोन्ही मेलेले सापडले. कोणी मारलेच नाहीत! मेलेल्या सापडलेल्या जनावराची नोंद चालते, फक्त शिंगं अखंड कवटीवर हवीत. यांना तुझ्या नकाशात वेगळी खूण दे.

उरले रिकामे भाग. नोंद ऐच्छिक आहे, फी आहे, सह्यांचे कागद आहेत. उत्तरेकडे मी असे म्हातारे शेतकरी पाहिलेत, ज्यांच्या गोठ्याच्या दारावर १८० ची शिंगं ठोकलेली आहेत आणि त्यावर दोर टांगलाय. ‘मोजू का?’ म्हटलं की म्हणतात, कशाला? त्या कौंट्या तुझ्याकडे पांढऱ्या आहेत. विस्कॉन्सिनात बंदुकीचे परवाने घेणारे पाच लाखांच्या वर. तेव्हा ठिपक्यांना शिकाऱ्यांच्या संख्येने आणि कौंटीच्या क्षेत्रफळाने भाग दे, मग रंग भर. दक्षिण विस्कॉन्सिनात २००२ पासून हरणांचा तो झिजवणारा मेंदूचा रोग आहे. तो मोठ्या नरांत जास्त आढळतो. तिथल्या गेल्या वीस वर्षांच्या नोंदी वेगळ्या मांडून बघ, मला उत्सुकता आहे.

तू नागपूरची, म्हणून एक सांगतो. परवा बर्फ वितळलं आणि इथली पोरं गळालेली शिंगं वेचायला रानात पळाली. तुझाही हात शिवशिवेल. इथे वेच खुशाल, आधी जमिनीचा मालक आणि नियम विचारून. मेळघाटात चितळाचं गळालेलं शिंग उचलून घरी नेलंस, तर १९७२ च्या कायद्याने गुन्हा. सुट्टीत घरी गेलीस की ही सवय इथेच ठेवून जा.

येत्या २२ तारखेला, शनिवारी, माझ्या गॅरेजमधल्या एका शिंगजोडीचे साठ दिवस भरतात. सकाळी नऊला ये. तू आकडे लिहून घे, मी मोजतो. मग मी लिहितो आणि तू मोज. दोन्ही कागद शेवटपर्यंत एकमेकांना दाखवायचे नाहीत. पाव इंच रुंदीची स्टीलची टेप माझ्याकडे आहे, तू काही आणू नकोस. मालकही येणार आहे, वीस-बावीस वर्षांचा पोरगा आहे. त्याने तुला हळूच ‘किती भरतील?’ विचारलं, तर चहा घेणार का विचार.

तुझा
काका