'टू टॉक', 'टॉकिंग' आणि आपला 'बोलायला'

प्रश्न असा: 'शी स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'शी स्टॉप्ड टू टॉक टू हर सिस्टर' यांत क्रियापदे तीच, मग अर्थ उलटा का? आणि दुसऱ्या वाक्यातली इन्फिनिटिव्ह फ्रेज, म्हणजे 'टू' आणि मूळ क्रियापदापासून सुरू होणारा शब्दसमूह, नेमकी कुठे संपते?

दोन्ही वाक्ये आधी मराठीत म्हणून पाहा. ती बोलायची थांबली. ती बहिणीशी बोलायला थांबली. पहिल्यात बोलणे बंद पडले; दुसऱ्यात पाय थांबले आणि बोलणे सुरू झाले. सगळा फरक 'ची' आणि 'ला' यांतला.

हा 'ला' मला फार मोलाचा वाटतो. 'बोलायला' म्हणजे जुने 'बोलावयास'. त्यातला 'स' काय किंवा 'ला' काय, 'गावास', 'गावाला' यांतलाच प्रत्यय. गावाला निघावे तसे बोलायला थांबावे. जिथे पोचायचे ते ठिकाण म्हणजे ती क्रिया. इंग्रजीतही हेच घडले आहे. जुन्या इंग्रजीत 'ड्रिंकन' म्हणजे पिणे, पण त्याच्या आधी 'टू' आला की 'टू ड्रिंकेन्ने' असे रूप व्हायचे, आपल्या चतुर्थीसारखे. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि 'टू' तेवढा उरला. 'स्टॉप्ड टू टॉक'मध्ये हेतू ऐकू येतो तो त्यामुळेच.

मात्र दिसेल त्या 'टू'ला 'ला' लावत सुटू नये. 'टू फर्गिव्ह हिम वॉज हार्ड' म्हणजे त्याला क्षमा करणे अवघड होते. 'अ बुक टू रीड' म्हणजे वाचायचे पुस्तक. करायला, करणे, करायचे अशी वेगवेगळी रूपे मराठी वापरते. इंग्रजी एकावरच भागवते. म्हणून फ्रेज वाक्यात कोणते काम करते आहे, ते आधी पाहावे.

आता हद्द. क्रियेला विचारत जावे: कुणाशी, कशाबद्दल, कधी? जी जी उत्तरे 'टॉक'ला चिकटतात ती सगळी फ्रेजच्या आत. म्हणून 'टू टॉक टू हर सिस्टर' हा एकच जुडगा.

त्यातला दुसरा 'टू' मात्र निराळा, त्याला पुढे नाम लागते. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' ही नेहमीची चूक इथेच होते. तिथे नाम ठेवून पाहा: 'लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप' बिनतक्रार बसते. म्हणजे तो 'टू' नामाचा, आणि पुढे 'मीटिंग यू'च हवे.