१९९४ च्या फोर्ड एफ-१५० (५.० लिटर) साठी नेमका कोणता इंजिन कॉम्प्युटर घ्यायचा?

जुन्या कॉम्प्युटरच्या लेबलवरचा तीन-चार अक्षरांचा कॅलिब्रेशन कोड ज्यावर तंतोतंत जुळेल, तोच घ्या. नुसतं वर्ष आणि इंजिन जुळून भागत नाही. लेबलवर दोन गोष्टी असतात: एक लांब पार्ट नंबर आणि तो छोटा, ठळक कोड. पार्ट नंबरमधलं '१२ए६५०' म्हणजे फक्त 'इंजिन कॉम्प्युटर', ते सगळ्यांवर सारखंच. त्याआधीच्या 'एफ४टीएफ'सारख्या अक्षरांत एफ म्हणजे १९९० चं दशक, ४ म्हणजे १९९४, टी म्हणजे ट्रक. आतला प्रोग्रॅम कोणता हे मात्र छोटा कोडच सांगतो. ईईसी-४ (फोर्डची त्या काळातली इंजिन-नियंत्रण प्रणाली) चा ६० पिनांचा प्लग दुसऱ्या मॉडेलच्या कॉम्प्युटरलाही आरामात बसतो, आणि फसगत होते ती इथेच: मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीचा कॉम्प्युटर ई४ओडी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअर सांभाळू शकत नाही.

अट एकच. आधीच्या मालकाने इंजिन, गिअरबॉक्स किंवा कॉम्प्युटरच बदललेला असेल, तर लेबलवर विसंबू नका. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर 'एन' असेल तर मूळ इंजिन ५.० चं, गिअरबॉक्स प्रत्यक्ष बघा. आणि हो, खरेदीआधी जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडाच, कित्येकदा फक्त आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळालेले असतात.