वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ चा आहे, प्रोसेसर कोअर आय७-८७५०एच. जाहिरातीत ४.१ गिगाहर्ट्झ लिहिलं होतं, पण व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की आकडा २.९ च्या आसपास रेंगाळतो. ओव्हरक्लॉक करून निदान ४.५ पर्यंत नेता येईल का? धोका पत्करायची तयारी आहे.

उत्तर : तुमची तयारी आहे, पण प्रोसेसरची नाही. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळवणं. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले एक गुणक. गुणक ४१ असला की ४.१ गिगाहर्ट्झ. तुमच्या चिपमध्ये हा गुणक कुलूपबंद आहे. खाली आणता येतो, ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर नेता येत नाही. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत तो मोकळा मिळतो मुख्यतः नावाच्या शेवटी एचके किंवा एचएक्स असलेल्यांत, आणि तिथेही लॅपटॉप बनवणाऱ्याने बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, सोय ठेवली असेल तरच.

पण समजा, कुलूप उघडलं. तुमचं मशीन आज ३ लाच धापा टाकतंय, ते ४.५ ला कसं टिकेल? तुमच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत. ४.१ हा एका-दोन कोअरचा वेग आहे. सहाही कोअर कामाला लागले की कमाल ३.९, आणि तोही थोडाच वेळ. कारण या चिपचं सलग चालण्याचं बजेट ४५ वॉट आहे. सुरुवातीला ते ओलांडायची मुभा असते; ती संपली की प्रोसेसर ४५ वॉटमध्ये जेवढं बसेल तेवढ्यावर उतरतो. सहा कोअर पूर्ण जुंपल्यावर तेवढ्यात साधारण ३ गिगाहर्ट्झच बसतात. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये बिघाड नसावा. जाहिरातीत मोठा आकडा छापतात, एवढंच. आणि थोड्या वेळापुरता मिळणारा हा वाढीव वेग, ज्याला टर्बो म्हणतात, तो तरी काय? कंपनीने आपल्या हाताने, हिशेबाने केलेलं ओव्हरक्लॉकिंगच.

वेग वाढवायचा तर बहुतेकदा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि त्यापायी व्होल्टेजही १० टक्के वाढवलंत, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे वीज ३३ टक्के जास्त. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार. डेस्कटॉपमध्ये ती उडवायला विटेएवढा कूलर बसवता येतो. लॅपटॉपमध्ये दोन-तीन चपट्या तांब्याच्या नळ्या असतात, आणि त्याही बऱ्याचदा ग्राफिक्स चिपबरोबर वाटून घ्यायच्या.

हे मी वाचून सांगत नाही. माझ्याकडे आय७-७८२०एचके होता, गुणक मोकळा असलेला. एका रात्री चारही कोअर ४.३ वर नेऊन ठेवले आणि भलताच खूश झालो. जो व्हिडिओ आधी २६ मिनिटांत निघायचा तो लावला. पहिली चाळीसेक सेकंद ४.३ दिसले. मग तापमान १०० अंशांना टेकलं आणि आकडा ३.२ ते ४ च्या मध्ये लंबकासारखा हलायला लागला. पंखा अखंड किंचाळत होता, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावता येत नव्हतं. वेळ लागला साडेसत्तावीस मिनिटं! शिवाय तयार झालेल्या व्हिडिओत मध्येच एक हिरवी चौकट. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला असता तर परवडलं असतं, निदान काही बिनसलंय हे कळलं असतं. मशीन निमूटपणे चुकीचं गणित करून मोकळं झालं, आणि ती चौकट मला सापडली व्हिडिओ देऊन झाल्यावर.

तरी हट्टाने वर्षभर तसाच वापरला, ४.१ वर. एक दिवस ट्रॅकपॅडचं क्लिक दबेना. टेबलावर ठेवला तर लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागला. खालचं झाकण काढलं तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. दोष निव्वळ ओव्हरक्लॉकचा होता असं नाही. लिथियम बॅटरी म्हातारी झाली की फुगते. पण उष्णतेने ती लवकर म्हातारी होते, आणि ती भट्टी मीच वर्षभर पेटती ठेवली होती. (तुमचा ट्रॅकपॅड असा वर आला तर चार्जिंग तिथेच थांबवा, आणि बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न चुकूनही करू नका.)

प्रश्न : ओव्हरक्लॉक केल्याने प्रोसेसर जळतो का?

उत्तर : तडकाफडकी सहसा नाही. आजकालचे प्रोसेसर मर्यादेला पोचले की आपणहून वेग उतरवतात, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन धाडकन बंद होतं. नुकसान होतं ते संथपणे, आणि त्यात तापमानापेक्षा मी व्होल्टेजला जास्त घाबरतो. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान सतत मिळालं की चिपमधले सूक्ष्म जोड आणि ट्रान्झिस्टर झिजत जातात. मग जो वेग आधी १.२ व्होल्टवर सहज चालायचा त्याला जास्त व्होल्टेज लागायला लागतं. २०२४ मध्ये हे जगाने पाहिलं : इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले. कारणांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज निघालं, कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे निदान प्रोसेसर उपसून दुसरा बसवता येतो. लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवर झाळलेला असतो. प्रोसेसर गेला म्हणजे बहुधा बोर्डच गेला. त्याच्या शेजारी व्होल्टेज पुरवणारा भाग असतो. त्यावर कित्येक लॅपटॉपमध्ये हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नसतो, आणि त्याचं तापमान तुमच्या पडद्यावरच्या आकड्यात दिसत नाही.

प्रश्न : वेग वाढवण्याऐवजी व्होल्टेज कमी करा, असं ऐकलं. पण थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरचा वेग-व्होल्टेज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती सोय बंद दिसते. असं का?

उत्तर : तुम्ही बरोबर ऐकलंत, लॅपटॉपसाठी हाच शहाणा मार्ग. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात, आणि त्यातून गुपितं फोडता येतात. त्यानंतर बायोसच्या अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर ही सोय बंद झाली. बरेच जण तेवढ्यासाठी जुनं बायोस परत चढवतात. त्या हल्ल्याला मशीनवर आधी पूर्ण ताबा लागतो हे खरं, पण जुन्या बायोसबरोबर सुरक्षेची बाकीची डागडुजीही जाते. मी नाही चढवत.

सोय चालू असेल तर एकदम मोठी उडी नको. १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरा, प्रत्येक पायरीवर दोन दिवस नेहमीचं काम करा. नुसती ताणचाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. कमी व्होल्टेजचं मशीन कित्येकदा भाराखाली तग धरतं आणि निवांत असताना किंवा झोपेतून उठताना कोसळतं.

सोय बंद असेल तर गुणकच थोडा खाली आणा. थोड्या वेळाच्या कामात मशीन ३.९ ऐवजी ३.५ ला गेलं तर फरक बहुधा तुमच्या लक्षातही येणार नाही, पंख्याला मात्र नक्की कळेल. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल ९९ टक्के करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तिने टर्बो पूर्ण बंद होतो आणि ८७५०एच थेट २.२ वर येऊन बसतो. लिखाणाला चालेल, व्हिडिओला नको.

प्रश्न : कूलिंग पॅड घेऊ का?

उत्तर : आधी खालचं झाकण काढा. पंखा आणि त्यापुढच्या बारीक पत्र्यांच्या मधल्या फटीत धुळीची घोंगडी बसलेली असते. बाहेरून फुंकर मारून ती जात नाही, उलट आत दबते. पंखा उचलला की चिमट्याने अख्खी पट्टी निघते. पंखा बोटाने धरून ठेवा, मगच हवा मारा. तीन-चार वर्षांत हीटसिंकखालची, चिपची उष्णता त्याच्याकडे पोचवणारी पेस्टही सुकलेली असते, तीही बदला. एवढं झाल्यावर लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं सारून बघा, मधली जाळी मोकळी ठेवून. त्यानेही भागलं नाही तर पॅड घ्या.

प्रश्न : जास्त वॉटचा अ‍ॅडॉप्टर लावला तर वेग वाढेल?

उत्तर : नाही. मशीन त्याला हवी तेवढीच वीज ओढतं. उलटं मात्र घडतं : कमी वॉटचा लावलात तर बरेच लॅपटॉप प्रोसेसरला खाली दाबून ठेवतात. म्हणून ८७५०एचवाल्या वाचकांनी एक गोष्ट आजच बघावी. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना? की मधे कधीतरी हरवला म्हणून दुसऱ्या लॅपटॉपचा, पिन बसते म्हणून लावलाय?