स्टेथो नंतर घे, आधी पंखा बंद कर

हृदयाचे आवाज ऐकायला शिकताना स्टेथो कुठल्या कंपनीचा घेऊ, हा प्रश्न नंतरचा. आपल्या इंदुरात राजवाड्याकडच्या दवाखान्यात हॉर्न काही थांबायचे नाहीत. निदान खिडकी लाव, पंखा बंद कर. आणि कपड्यांवरून ऐकू नकोस, कापडाची खसखस थेट मर्मरसारखी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या जादा सळसळीसारखी, वाटते.

मर्मरच्या मागे लगेच धावायचं नाही. मानेतल्या नाडीवर बोट ठेव. ती उसळते त्याच सुमाराचा आवाज पहिला, हृदयातल्या माइट्रल-ट्रायकस्पिड झडपा मिटण्याचा. मग दुसरा, एऑर्टिक-पल्मनरीचा. हे पक्कं झालं की मधल्या जागांकडे कान दे.

खरा घाम काढतो तो माइट्रल स्टेनोसिस, म्हणजे अरुंद झालेली माइट्रल झडप. पेशंटला डाव्या कुशीवर वळव आणि स्टेथोची बेल (वाटीसारखी बाजू) अलगद टेकव. जोरात दाबलीस तर ती डायफ्रॅमसारखी (सपाट पडद्याच्या बाजूसारखी) वागते आणि तो खर्जातला गडगडाट गायब! शंका असेल, आणि पेशंटला झेपत असेल, तर थोडं चालवून पुन्हा ऐक.

‘वय झालं, दम लागणारच’ म्हणणाऱ्या आजींची मान जरूर ऐक. एऑर्टिक स्टेनोसिसचा खरखरीत आवाज तिथवर चढतो.

लहानपणी ताप येऊन सांधे सुजले असतील, तर आवाज स्वच्छ असला तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांग. अशा रुमॅटिक तापाने झडपेला लागलेली सुरुवातीची गळती कानाला लागतेच असं नाही. डिजिटल स्टेथोच्या ॲपने ‘नॉर्मल’ दाखवलं, तरीही.

चिठ्ठीवर नुसतं ‘मर्मर आहे’ लिहू नकोस. कुठे, कोणत्या दोन आवाजांच्या मधे, कुठे पसरतो, एवढं तरी लिही. पुढचा कार्डिओलॉजिस्ट वैतागणार नाही.