बागेतला जुना गुलाबी आयरिस 'शेरी'च आहे का, आणि या जातीचे एवढे महत्त्व कशासाठी?

न्यू जर्सीतील जुन्या घराच्या बागेत फुललेला उंच गुलाबी आयरिस (कंदापासून वाढणारे फुलझाड) 'शेरी' आहे असे शेजाऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे. ते कसे पडताळावे, आणि गुलाबी आयरिस त्याआधीही असताना याच जातीचा गौरव का होतो, असे आपण विचारले आहे. मी इलिनॉयमध्ये जुन्या जातींचे आयरिस जपतो, म्हणून लिहितो.

इंग्रज रोपवाटिकाकार जॉन सॉल्टर यांची 1859 सालची 'क्वीन ऑफ मे' ही जात गुलाबीच म्हणवली जात असे, पण तिचा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे ज्या रंगद्रव्यांच्या कुळातून निळा-जांभळा रंग येतो त्याच कुळातला असल्याने त्यात जांभळट झाक उरतेच. इलिनॉयमधील विल्मेट येथे डेव्हिड हॉल यांनी वर्षानुवर्षे संकर करून मिळवलेला गुलाबी रंग मात्र लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोला लाल करणाऱ्या द्रव्याचा आहे. तो देणारे जनुक अप्रभावी, म्हणजे जोडीला दुसऱ्या प्रकारचे जनुक असले की झाकले जाणारे असते आणि उंच आयरिसच्या आधुनिक जातींत गुणसूत्रांचे चार संच असल्यामुळे ते चारही संचांत यावे लागते. दोन-दोन संचांत ते लपलेले असलेल्या दोन झाडांचा संकर केला, तर साधारणपणे छत्तीस रोपांत एकच गुलाबी निघते. दोनच संच असते, तर चारांत एक निघाले असते. हॉल यांची चिकाटी मला म्हणूनच विलक्षण वाटते. कोलोरॅडोत लूमिस या संकरकारांनीही स्वतंत्रपणे असा रंग मिळवला होता, परंतु अमेरिकेतील सर्वोच्च मानाचे डाइक्स पदक 1951 साली मिळाले ते हॉल यांच्या 1945 सालच्या 'शेरी'ला. या नव्या गुलाबी रंगाला मिळालेले ते पहिलेच डाइक्स पदक होते.

ओळखताना पाकळीच्या रंगाआधी खाली झुकलेल्या पाकळीवरची केसाळ 'दाढी' पाहावी. लायकोपीनच्या जातींत ती सहसा शेंदरी-नारिंगी असते. ती पांढरी किंवा पिवळी असून फूल जांभळट असेल, तर आपले झाड बहुधा 'शेरी'च्या आधीच्या वळणाचे आहे. दाढी शेंदरी निघाली, तरी तेवढ्यावरून नाव लावू नये, कारण त्यानंतरच्या दशकांत अशा गुलाबी जाती पुष्कळ निघाल्या. खात्रीचे नाव असलेल्या झाडाशी फूल, फांद्या आणि उंची ताडून पाहणे हाच विश्वासाचा मार्ग आहे, आणि त्यासाठी ऐतिहासिक आयरिस जपणाऱ्या संस्थेच्या जाणकारांना या तिन्हींची छायाचित्रे पाठवावीत. तोवर झाड हलवू नये. फुले सरल्यावर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कंद विभागावेत आणि त्यांची पाठ मातीबाहेर उघडी राहील असे उथळ लावावेत.