पार्किंगची जागा खातो कोण?

प्रश्न : मॅडम, बर्डीवर आमचं साड्यांचं दुकान आहे. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक गाडी लावायला दोन चकरा मारतं आणि सरळ मॉलमध्ये निघून जातं. आणखी पार्किंग द्या म्हणून आम्ही व्यापारी महापालिकेला निवेदन देणार आहोत. काही जण म्हणतात, रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्या. गिऱ्हाईक आधीच येत नाही, वरून पैसे लावले तर काहून येईल?
– एक दुकानदार, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : निवेदन खुशाल द्या, पण त्याआधी एक शनिवार खर्च करा. दुकानातल्या एखाद्या चुणचुणीत पोराच्या हाती वही द्या. शटर उघडल्यापासून दर अर्ध्या तासानं समोरच्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे त्यानं लिहायचे. एमएच-३१ की ४९, त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. नोकरीत असताना आम्ही असंच मोजायचो. वही नसेल तर टायरच्या वरच्या अंगाला खडूची रेघ ओढायची आणि दुपारी येऊन बघायचं. रेघ होती तिथेच असली, की गाडी हललेली नाही.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच नंबर दिसला, तर ती गाडी कोणाची ते विचारा. माझ्या अनुभवात ती गिऱ्हाइकाची क्वचितच निघते. शेठजींची असते, मॅनेजरची असते, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या कोणाची तरी. तुमची कुठे उभी असते? रागावू नका, पण तुमच्या पत्रात तेवढंच आलेलं नाही.

आता हिशेब बघा. दुकान साडेदहा ते नऊ, म्हणजे साडेदहा तास. साडी घ्यायला पाऊण तास धरला (बायकांना विचारलंत तर कमीच वाटेल), तर एका कारच्या जागेवर दिवसभरात चौदा गिऱ्हाइकं येऊन जाऊ शकतात. तिथेच दुचाक्या लावल्या तर एका वेळी पाच तरी मावतात. मालकाची एक गाडी एवढं सगळं अडवून बसते.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत भर बाजारात काम करणारे लोक सकाळी गाड्या लावत आणि संध्याकाळी काढत. गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. त्यावर तोड म्हणून जुलै १९३५मध्ये तिथे जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं, तासाला पाच सेंट. म्हणजे पैसे लावले ते गिऱ्हाइकासाठी जागा मोकळी व्हावी म्हणून.

तुमची भीती खोटी नाही, पण पैसे कसे घेतात यावर सगळं आहे. दिवसभराची एकच ठरावीक पावती फाडणं सगळ्यात वाईट. ती दिवसभर गाडी ठेवणाऱ्याच्याच फायद्याची असते. पहिला अर्धा तास नाममात्र, पुढे तासागणिक चढता दर, असं हवं. दर किती? रांगेत सातातली एक जागा बहुतेक वेळ रिकामी राहील इतका. सगळ्या भरल्या तर दर कमी पडला, अर्ध्या ओस पडल्या तर जास्त झाला. आणि निवेदनात हेही मागा, की जमलेल्या पैशातला वाटा त्याच बाजाराच्या फुटपाथ, दिवे, सफाईवर खर्च व्हावा. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या जुन्या बाजारात १९९३मध्ये मीटर आले तेव्हा व्यापारी विरोधातच होते. पैसा याच भागात लागणार म्हटल्यावर ते तयार झाले.

तुमच्या माणसांसाठी मेट्रो आहेच. ॲक्वा आणि ऑरेंज, दोन्ही लाइन बर्डीलाच एकमेकींना भेटतात. हिंगणा रोडचा पोरगा लोकमान्यनगरहून बसला की गाडी न बदलता बर्डीला उतरतो. शेठजींनीही बसून बघावं.

एक आगाऊ प्रश्न विचारते. तुमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात तळघर कशासाठी दाखवलंय? पार्किंगसाठी असेल आणि तिथे साड्यांचे गठ्ठे असतील, तर निवेदन देताना साहेब पहिला तोच कागद काढतील. फेरीवाल्यांचं विचारू नका, त्याला वेगळा अंक लागेल.

प्रश्न : गोकुळपेठ बाजारात येणारे आमच्या फाटकासमोर कार लावून जातात. म्हणून आम्ही कुंपणालगत रस्त्यावर कुंड्या आणि दगड ठेवले, तर शेजारी भांडायला उठले. चूक कोणाची?
– एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : दोघांचीही. फाटक अडवून गाडी लावायला नियमानं बंदी आहे. नंबरप्लेट आणि फाटक एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि वाहतूक पोलिसांना कळवा. पण कुंपणाबाहेरचा रस्ता तुमचा नाही, शेजाऱ्यांचाही नाही. दगड रात्री दुचाकीवाल्याला दिसला नाही तर निस्तरायला तुम्हीच लागाल. कुंड्या आत घ्या. नागपूरच्या उन्हात तशाही त्या रस्त्यावर जगायच्या नाहीत.